‘बाई, नियम फळ्यावरच लिहून द्या ना!’

पत्र: मी प्रौढांना मराठी शिकवते. मातृभाषा मराठी नसलेले १८ जण माझ्या वर्गात आहेत. आधी मी नियम समजावून द्यायचे आणि मग प्रत्येकाने वहीत स्वाध्याय सोडवायचा, अशी पद्धत होती. गेल्या सत्रात ती बदलली. आता मी एक छोटा उतारा दोनदा वाचते, विद्यार्थी मोजके शब्द टिपून घेतात आणि मग दोघादोघांनी मिळून तो उतारा पुन्हा लिहायचा. वर्ग बोलका झाला, मलाही हुरूप आला. सत्र संपताना नाव न घालता अभिप्राय मागवले. निम्म्यांना हे आवडलं आहे. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या वाचून मात्र मी खचले. एकाने लिहिलं आहे, ‘माझ्या जोडीदारालाही माझ्याइतकंच येतं. आम्ही मिळून चुकाच पक्क्या केल्या तर?’ दुसऱ्याने, ‘बाई, नियम फळ्यावरच लिहून द्या ना. एवढा वेळ कशाला घालवायचा?’ एकीने, ‘सगळं मीच सांगते, तो फक्त लिहितो.’ आणि आणखी एकीने, ‘बाईंना माझी चूक दाखवायला लाज वाटत नाही, सोबतच्याला दाखवायला वाटते.’ (त्यांची भाषा मी थोडी सावरून लिहिली आहे.) आमचे प्रमुख म्हणतात, विद्यार्थ्यांना नको असेल तर बंद करा. मी विद्यार्थ्यांचं ऐकू की स्वतःच्या मनाचं?

– एक शिक्षिका

उत्तर:

बाई, जोडीकाम बंद करू नका. पण त्या चिठ्ठ्या खणात टाकून पुढे जाऊ, असंही करू नका. तुम्ही त्यांना ‘नापसंती’ या एकाच नावाखाली बांधलंत, म्हणून त्या इतक्या जड वाटतायत. त्या चारही तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि माझ्या मते त्यातल्या निदान तीन रास्त आहेत. एकही तक्रार ‘आम्हाला एकमेकांशी बोलायचं नाही’ असं म्हणत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

आधी ‘फळ्यावर लिहून द्या’ घेऊ. ही मागणी आळशी माणसाची नाही. परकी भाषा शिकणाऱ्या मोठ्या माणसांना व्याकरण हवं असतं, चुका दाखवलेल्या हव्या असतात, आणि आपण शिक्षक समजतो त्यापेक्षा जास्त हव्या असतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक रेनेट शुल्झ यांनी आधी अमेरिकेत आणि मग कोलंबियात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही याबद्दल विचारलं होतं. २००१ साली त्यांनी दोन्ही देशांची तुलना मांडली. दोन्हीकडे विद्यार्थ्यांचा व्याकरणावरचा आणि चुका सुधारून घेण्यावरचा भर शिक्षकांपेक्षा जास्त निघाला. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याने नियम मागितला, यात वावगं काहीच नाही. प्रश्न इतकाच आहे की तो त्याला कधी द्यायचा. तासाच्या सुरुवातीला दिलेला नियम वहीत उतरतो. स्वतः अडखळून झाल्यावर मिळालेला नियम डोक्यात बसण्याची शक्यता जास्त, कारण तोवर त्याच्या मनात त्या नियमासाठी जागा झालेली असते.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून तुमच्याच वर्गातलं वाटेल असं उदाहरण घेते. समजा तुम्ही हा उतारा वाचलात: ‘राधाने भावाला हाक मारली. भावाने दार उघडलं. त्याने तिला आत बोलावलं. राधाने त्याच्या हातात चिठ्ठी दिली. भावाने चिठ्ठी वाचली.’ आपल्याला यात काही अवघड दिसत नाही. शिकणाऱ्याच्या वाटेत मात्र यातलं प्रत्येक क्रियापद आडवं येतं.

दोघे लिहायला बसले. पहिलं वाक्य ‘हाक मारली’ असं बिनचूक उतरलं. जोडीदाराने सहज विचारलं, ‘मारली का?’ उत्तर आलं, ‘राधा मुलगी आहे ना, म्हणून.’ बघा, वाक्य बरोबर आणि कारण साफ चूक! हेच त्याने एकट्याने वहीत लिहिलं असतं तर तुम्ही बरोबरची खूण करून पुढे गेला असतात, आणि तो चुकीचा नियम त्याच्यासोबत पुढच्या धड्यात गेला असता. इथे मात्र जोडीदार म्हणतो, ‘मग भावाने चिठ्ठी वाचली, हे कसं? भाऊ तर मुलगा.’ आता दोघेही थांबतात. ‘भावाने दार उघडलं’ हे वाक्य पुन्हा बघतात. कर्ता तोच, तरी एकदा ‘उघडलं’ आणि एकदा ‘वाचली’. म्हणजे शेवट भावामुळे ठरत नाही. ते दार, ती चिठ्ठी. म्हणजे ज्या वस्तूवर क्रिया झाली तिच्यामुळे ठरतो. मग पहिल्या वाक्यात ‘मारली’ कुणामुळे? राधा नाही, भाऊ नाही... हाक? आणि मग हात वर होतो, ‘बाई, हाक ती आहे का?’

हा प्रश्न ऐकायला मिळाला की तासाचं सार्थक झालं असं मी समजेन. ‘कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं’ हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थीही ‘त्याने भावाला हाक मारला’ असं लिहू शकतो. ‘हाक ती आहे का’ असं विचारणाऱ्याने नियम वापरायला घेतला आहे.

कॅनडातल्या भाषाअभ्यासक मेरिल स्वेन यांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. तिथल्या काही शाळांत इंग्रजी बोलणारी मुलं निरनिराळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्यांना समजायचं उत्तम, पण बोलता-लिहिताना व्याकरण कच्चं राहायचं. नुसतं समजून घेताना वाक्याचा शेवट नीट पाहावा लागत नाही, अर्थ त्याच्याशिवायही लागतो. स्वतः बोलायला किंवा लिहायला घेतलं की आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं, असं स्वेन यांनी मांडलं. पुढे त्यांनी दोघांनी मिळून भाषेविषयी बोलण्यावर भर दिला. तुम्ही करता ती उतारा पुन्हा उभा करण्याची पद्धत ‘डिक्टोग्लॉस’ म्हणून ओळखली जाते आणि स्वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बरीच वापरली. तेव्हा तुम्ही मनाला आलं म्हणून काहीतरी सुरू केलंय, असं नाही. प्रमुखांना हे जरूर सांगा.

आता पहिली तक्रार, ‘आम्ही मिळून चुकाच पक्क्या केल्या तर?’ ही मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ही भीती खरी आहे. कॅनडातल्या त्याच फ्रेंच वर्गांमध्ये असं दिसलं की दोघांनी बोलून जे उत्तर ठरवलं, तेच नंतरच्या चाचणीत बहुधा टिकून राहिलं. बरोबर ठरवलं तर बरोबर, आणि चुकीचं ठरवलं तर चुकीचं! आपल्या उताऱ्यात हा खड्डा तिसऱ्या वाक्यात आहे. ‘वस्तूप्रमाणे शेवट’ हा नियम दोघांना नुकताच सापडला आहे, त्याचा आनंद आहे, आणि त्या भरात ते ‘त्याने तिला आत बोलावली’ असं लिहितात. ती मुलगी, म्हणून बोलावली. तर्क अगदी सरळ आहे. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याचं ऐकणं सोडतं आणि ‘बोलावलं’ असं राहतं, ही भावे प्रयोगाची गोष्ट त्यांना एकमेकांकडून कळणं शक्यच नाही. कितीही वेळ दिलात तरी नाही. इथे बाई लागतात.

म्हणून मला तुम्हाला स्पष्ट विचारायचं आहे: जोडीकाम संपल्यावर तुम्ही काय करता? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. माझा अंदाज आहे की चर्चा रंगते, घड्याळ पुढे सरकतं, तुम्ही वह्या गोळा करता आणि तपासून पुढच्या तासाला देता. तसं असेल तर ती चिठ्ठी लिहिणाऱ्याचं शंभर टक्के बरोबर आहे. तो दोन दिवस चुकीचं उत्तर खरं मानून फिरतो. तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि काही झालं तरी त्यांना हात लावू देऊ नका. मूळ उतारा फळ्यावर लिहा. प्रत्येक जोडीला आपला उतारा शेजारी धरून फरक शोधू द्या. ज्या वाक्यावर सगळ्यात जास्त जोड्या अडल्या ते घ्या आणि तिथे, त्याच क्षणी, नियम मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा. ‘लिहून द्या ना’ म्हणणाऱ्याचीही मागणी त्यात पूर्ण होते. चर्चा आधी आणि पक्कं उत्तर नंतर, हे एकदा ठरून गेलं की चर्चेच्या वेळची धाकधूकही कमी होते, कारण उत्तर येणारच आहे याची खात्री असते.

तिसरी चिठ्ठी जोडीबद्दल आहे. ‘सगळं मीच सांगते, तो फक्त लिहितो.’ ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या जोड्यांचं बोलणं नेओमी स्टॉर्च यांनी सत्रभर पाहिलं आणि २००२ साली त्यातले चार प्रकार मांडले. काही जोड्या खरोखर मिळून काम करत होत्या. काहींत दोघेही आपलंच पुढे दामटत होते. काहींत एक बोलतो आणि दुसरा गप्प. आणि काहींत एकाला जास्त येतं, पण तो दुसऱ्याला हात धरून सोबत नेतो. पहिल्या आणि शेवटच्या प्रकारच्या जोड्यांमध्ये शिकलेलं पुढे टिकल्याच्या खुणा जास्त होत्या. तुमच्या त्या विद्यार्थिनीची जोडी तिसऱ्या प्रकारात अडकली आहे आणि त्यात नुकसान दोघांचं आहे. तो गप्प म्हणून शिकत नाही, आणि तिला प्रश्न विचारणारं कोणी नाही म्हणून तीही.

यावर आपला पहिला विचार असा येतो की सारख्या पातळीचे दोघे बसवावेत. मी घाई करणार नाही. २००७ साली वातानाबे आणि स्वेन यांनी प्रौढ जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला तेव्हा जोडीदाराच्या पातळीपेक्षा दोघे वागतात कसे याला जास्त महत्त्व असल्याचं दिसलं. मिळून काम करणाऱ्यांना जोडीदार वरच्या पातळीचा असो वा खालच्या, फायदा झाला. अंतर फारच मोठं असेल तर मात्र दोघांच्याही गरजा भागत नाहीत, तेवढं सांभाळा. गुणांच्या यादीवरून जोड्या लावण्याऐवजी दोन तास वर्गात फिरून कोण कोणाशी बोलतं ते ऐका. आणि पेन गप्प बसणाऱ्याच्या हातात देऊन ‘कारण सांगितल्याशिवाय एकही शब्द लिहायचा नाही’ अशी अट घाला. बोलणारीला मग ‘मारली लिही’ एवढं म्हणून चालत नाही, ‘का’ हे सांगावं लागतं, आणि लिहिणाऱ्याला ते पटलं नाही तर अडवण्याचा अधिकार मिळतो. उताऱ्याच्या मध्यावर पेन बदलायचं. या कारणांच्या बोलण्यासाठी ते आपली भाषा वापरत असतील तर रागावू नका. व्याकरणाचं कारण नवशिक्याने मराठीतच सांगावं, हा आग्रह त्याला गप्प बसवण्याचा सोपा उपाय आहे. लिहायचं तेवढं मराठीत असू द्या.

लाज वाटते म्हणणाऱ्या बाईंविषयी मला फार आपुलकी वाटली. मोठ्या माणसाला नव्या भाषेत पुन्हा लहान व्हावं लागतं, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मोठ्या माणसासमोर तसं होणं शिक्षकासमोर होण्यापेक्षा अवघड असतं. त्या एकट्याही नाहीत. स्टॉर्च यांच्या २००५ सालच्या अभ्यासात बहुतेकांना जोडीने लिहिणं आवडलं होतं, तरी काहींना आपल्या भाषेचा भरवसा नव्हता आणि काहींना दुसऱ्याची चूक दाखवायचा संकोच वाटत होता. अशा विद्यार्थिनीला ‘बोला, घाबरू नका’ असं सर्वांदेखत म्हणू नका. उतारा ऐकल्यावर प्रत्येकाला पाच-सात मिनिटं एकट्याने लिहू द्या आणि जोड्या त्यानंतर लावा. म्हणजे ती रिकाम्या हाताने येत नाही, तिच्याकडे कच्चा का होईना एक मसुदा असतो. खरं तर हे सगळ्यांसाठीच करा. आधी स्वतः झटापट केलेली असली की जोडीदाराशी बोलायला काहीतरी नेमकं मिळतं. आणि तिला विचारा की कोणासोबत बसायला आवडेल. ती ज्याचं नाव घेईल त्याच्यासोबत दोन-तीन आठवडे राहू द्या.

आता जोडीकामाने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही खरंखरं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही प्रमुखांसमोर तोंडघशी पडाल. जोडीने लिहिलेला मजकूर एकट्याच्या मजकुरापेक्षा लहान पण जास्त शुद्ध असतो, असं स्टॉर्च यांना दिसलं. पण त्यातून प्रत्येकाच्या डोक्यात जास्त काही राहतं का? हुसेन नसाजी आणि जून तियान यांनी २०१० साली इंग्रजीतल्या ‘गिव्ह अप’सारख्या जोडक्रियापदांवर हे तपासलं. जोडीने केलेली कामं अधिक अचूक झाली, तरी नंतरच्या चाचणीत जोडीने शिकलेले एकट्याने शिकलेल्यांपेक्षा लक्षणीय पुढे नव्हते. त्यामुळे प्रत्येक तास जोडीचा करण्यात अर्थ नाही. ‘वाक्यातली चूक शोधा’ असली कामं एकट्यालाच द्या, त्यात बोलण्यासारखं फार नसतं. एका शब्दाच्या रिकाम्या जागाही बहुतेकदा तशाच. जिथे दोन-तीन वाक्यांचा एकमेकांशी ताळा घालावा लागतो, वर दाखवलं तसं कारणांवरून भांडावं लागतं, तिथे जोडी लावा. आठवड्याला असा एक तास नीट झाला तरी पुष्कळ आहे.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, विद्यार्थ्यांचं ऐकू की मनाचं. मी म्हणेन, त्यांना काय खुपतंय हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही, तिथे त्यांचं शंभर टक्के ऐका. आपण किती शिकलो, हे मात्र त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही नुसत्या वाटण्यावरून कळणार नाही. किम मॅकडोना यांनी थायलंडमधल्या एका इंग्रजीच्या वर्गात जर-तरची वाक्यं शिकवताना हे पाहिलं. जोडीच्या आणि गटाच्या कामात ज्यांनी जास्त भाग घेतला त्यांची ती वाक्यं सुधारली, पण ही कामं शिकण्याच्या उपयोगाची आहेत असं खुद्द त्या विद्यार्थ्यांना वाटत नव्हतं. हे २००४ सालचं काम. भाषेबाहेरही असंच घडतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः सोडवत शिकलेल्यांना वाटलं की आपण कमी शिकलो, आणि चाचणीत ते जास्त शिकलेले निघाले. अडखळताना माणसाला आपण मागे पडतोय असं वाटतं. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. तुमच्या मनाला जो हुरूप आला, त्यालाही हेच लागू आहे. वर्ग बोलका झाला म्हणजे शिकला, असं गृहीत धरू नका.

पुढच्या वेळी अभिप्राय मागाल तेव्हा ‘आवडलं का’ हा प्रश्न गाळून टाका. सत्र संपेपर्यंत थांबूही नका, कारण तोवर ज्याने तक्रार लिहिली त्याच्यासाठी काही बदलण्याची वेळ गेलेली असते. दोन-तीन आठवड्यांनी तास संपताना एवढंच विचारा: आज कोणत्या वाक्यावर अडलात, जोडीदार काय म्हणाला, शेवटी ठरलेलं तुम्हाला पटलं का? ‘ठरलं, पण पटलं नाही’ असं कोणी लिहिलं तर पुढच्या तासाची सुरुवात तिथून करा. आणि हे काम का करतोय, ते त्यांना एकदा मोकळेपणाने सांगा. प्रौढ माणसं आहेत, कारण समजलं तर थोडी गैरसोय सोसतात. मॅकडोनांचा तो अनुभव वर्गातच वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

प्रमुखांकडे एका सत्राची मुदत मागा आणि मुदतीसोबत एक साधी चाचणी द्या. ज्या उताऱ्यावर जोडीने काम झालं, त्यातलाच नियम पण नवी वाक्यं, दोन आठवड्यांनी, प्रत्येकाने एकट्याने सोडवायची. ‘सीतेने मुलांना हाक मार...’, ‘आईने मुलीला उठव...’, ‘भावाने बहिणीला पत्र लिहि...’ अशी. शेवट पुरा करायचा आणि शेजारी एका ओळीत कारण लिहायचं, कोणत्याही भाषेत. एका नियमाला जोडीकाम वापरा, तशाच अवघड दुसऱ्या नियमाला तुमची जुनी पद्धत, आणि दोन्हींचे कागद त्यांच्यासमोर ठेवा. गुण मोजण्याआधी कारणांच्या ओळी वाचा. ‘मारली, कारण हाक ती’ असं किती जणांनी लिहिलं आणि ‘मारली, कारण सीता मुलगी’ असं किती जणांनी, यावरून जोडीकाम चालू ठेवायचं की नाही हे तुम्हा दोघांनाही ठरवता येईल.